मुसळाची मूठ

निजामाच्या अमलातली गोष्ट. अंबडकडच्या एका खेड्यात गोजरबाईंचा सारा जीव घरामागच्या परसात होता. चार वाफे, त्यात वांगी, मिरच्या अन् कडेनं झेंडू. पण यंदा सांध्यांनी दगा दिला. बोटं मिटेनात, खुरपं धरलं की कळ थेट कोपरात जायची. गवत माजलं. शेवटी त्यांच्या लेकानं, रखमाजीनं, सांगून टाकलं, की येत्या बाजारी म्हैस आणतो अन् परसातच बांधतो. वाईट मनानं नाही बोलला बिचारा, पण म्हातारी भरल्या ताटावरून उठली.

त्यांनी कडूबा सुताराला गाठलं. घरचा बलुतेदार माणूस. त्यानं मोठ्या मायेनं खुरप्याला नवी मूठ बसवली. म्हातारीचा हात म्हणून बिलकुल बारीक, लेकराच्या खुळखुळ्याची असते तशी. झालं! ती धरायला बोटं अजूनच आवळावी लागली. गोजरबाईंनी खुरपं भिरकावलं अन् चिडून उखळात मिरच्या कांडायला घेतल्या.

कांडता कांडता थांबल्या. अगं बाई! बोटं दुखतच नव्हती. जाड मुसळ तळव्यात आपसूक बसलं होतं, बोटं मिटायचं कामच नव्हतं.

कोपऱ्यात एक जुनं, चिरलेलं मुसळ पडून होतं. त्याचीच मूठ करायची, असं त्यांनी कडूबाला बोलावून सांगितलं. तर सून दुर्गाबाई आडवी आली. तिच्या लग्नाची हळद त्याच मुसळानं कांडलेली. त्याला करवत लावली तर घराचं बरं होणार नाही, असं तिचं म्हणणं. कडूबानंही करवत खाली ठेवली.

गोजरबाईंनी आपले दोन्ही हात सुनेपुढं धरले.

"ती हळद म्या याच हातानं कांडल्ती, दुर्गे. मुसळ जपायचं अन् हात फेकून द्यायचे का?"

दुर्गाबाई त्या सुजलेल्या गाठींकडं पाहतच राहिली. मग तिनंच मुसळाला हळदकुंकू लावलं, पाया पडली अन् ते कडूबापुढं सरकवलं.

बाजारच्या दिवशी रखमाजी म्हैस घेऊन आला तो परसाच्या दारातच थबकला. तीन वाफ्यांत गवताची काडी नव्हती. जाडजूड मुठीचं खुरपं घेऊन आई मिरचीच्या बुडाशी बसली होती. तो म्हैस मागं वळवून निघून गेला.

जरा वेळानं खुंटा ठोकल्याचा आवाज आला. पुढच्या अंगणातून, लिंबाखालून. गोजरबाईंनी नीट कान देऊन ऐकलं, अन् इतक्या दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला. पदरानं डोळे पुसले अन् शेवटच्या वाफ्याकडं सरकल्या.