पडद्याचा पिवळा

“हलू नकोस म्हटलं ना!”

“हलतेय कुठे? खाजवतेय. तुमच्या त्या टर्पेंटाइननं अंगाला नुसती खाज सुटते. जेवणसुद्धा जात नाही त्या वासानं.”

“थोडाच वेळ. डोळे तेवढे राहिलेत.”

“महिनाभर डोळेच राहिलेत! जन्मभर लोकांना जीभ बाहेर काढायला लावलीत, त्यांचा तळतळाट लागलाय तुम्हाला.”

डॉक्टर हसले, पण ब्रश थांबला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदाच चित्रासाठी बसायला तयार झाली होती, तीही अट घालून. या खोलीत नाडी बघायची नाही, वजन विचारायचं नाही, डॉक्टरकी दवाखान्यात ठेवून यायची. अट त्यांनी मनापासून पाळली होती. समोरचं माणूस गप्प बसलं की हळूहळू त्याचा चेहरा बोलायला लागतो. इथे ते फक्त त्याची वाट बघत.

हनुवटीवरचा हट्ट उतरला होता, ओठांच्या कडेची थट्टाही. डोळे मात्र दाद देत नव्हते. बुबुळांभोवतीचा पांढरा दर वेळी पिवळट उतरायचा. कारण त्यांना ठाऊक होतं. खिडकीला हळदी रंगाचा पडदा होता आणि सगळा उजेड त्यातून गाळून यायचा. त्याची झाक चेहऱ्यावर पडणारच. ती ओळखून वजा करायची, एवढं तर नवशिक्यालाही कळतं. दर रविवारी ते तेवढा पिवळा वजा करत आले होते.

दार ढकलून मुलगी आत आली. सुट्टीला आली की घर धुऊन काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

“बाबा, पडदा काढतेय. मशीन लावायचंय.”

“अगं, थांब जरा...”

तोवर तिनं स्टुलावर चढून पडदा ओढलाही होता. खोलीभर लख्ख उजेड पसरला. भिंत पांढरी झाली. बायकोच्या खांद्यावरची शाल पांढरीशुभ्र झाली.

डोळे तसेच राहिले.

डॉक्टरांनी शालीकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे. ब्रश ठेवून ते तिच्यापाशी गेले.

“वर बघ.”

“आता वर? इतके दिवस समोर बघ म्हणत होतात.”

“बघ गं.”

त्यांनी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली.

“पोट दुखतं?”

“आपली अट ठरली होती.”

“दुखतं का, सांग.”

“नाही बाई. अजिबात नाही.”

दुसऱ्या कुणाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. दुखत असतं तर पित्ताचे खडे म्हणता आलं असतं. न दुखता चढलेली कावीळ या वयात कॅन्सरचीही असू शकते, हे त्यांनी किती घरांतून जपून सांगितलं होतं. आणि इथे ते स्वतः महिनाभर हेच डोळे निरखत बसले होते. दिसत नव्हतं असं नाही. दिसलेलं स्वतःच्या हातानं पुसत होते.

“बाबा, बोला ना काहीतरी,” पडदा छातीशी धरून मुलगी म्हणाली.

“कावीळ आहे. उद्या सकाळी पोटाचा स्कॅन करून घेऊ.”

“साधीच ना?” बायकोनं विचारलं.

रोग्यांच्या माणसांना सांगायची वाक्यं त्यांच्यापाशी कायम तयार असत. आता ते फडक्यानं बोटांवरचा रंग पुसू लागले. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

उठून ती चित्रासमोर आली. मनगट खाजवत बराच वेळ बघत राहिली.

“डोळे छान काढलेत. माझे नाहीत, एवढंच.”

“राहू दे ते आता.”

“राहू दे कसं? उद्यापासून तुम्ही माझे रिपोर्टच बघत बसाल. आज मला बघा.”

ती पुन्हा खुर्चीत बसली, शाल सारखी केली. डॉक्टरांनी चाकूनं चित्रातले पांढरे डोळे खरवडून काढले. घाईघाईनं ब्रश पिवळ्यात टेकवला.

“सावकाश,” ती म्हणाली. “उजेड आहे अजून.”