उजव्या कुशीची जखम

लाकडी ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उतरतं. आमच्या न्युर्नबर्गमध्ये शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. माझ्या नवऱ्याने, योबस्टने, जन्मभर तेच केलं. पण आमच्या लेकीला, वाल्बुर्गाला, दिवस गेले आणि गडी इतका हरखला, की तिच्यासाठी ख्रिस्ताचं चित्र कोरताना सरळच कोरून बसला. छापल्यावर उजव्या कुशीतली जखम डावीकडे गेली. कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी त्या जखमेत लाल रंग भरला. ख्रिस्ताच्या कुशीत खुपसलेला तो पवित्र भाला वर्षातून एकदा लोकांना दाखवतात, त्या दिवशी आम्ही गर्दीत तो कागद उंच धरला, भाल्याची कृपा लागावी म्हणून. कळा सुरू झाल्या तेव्हा सुखरूप सुटकेसाठी सुईणीने तो वाल्बुर्गाच्या पोटावर बांधला.

वाल्बुर्गा गेली. बाळही गेलं.

तिला पुरून आल्यावर योबस्टला चूक दिसली. "मीच मारलं पोरीला," एवढंच तो बोलायचा. मला रडूही येत नव्हतं. कुंचला बुडवायचा, रंग भरायचा, कागद वाळत घालायचा.

मग त्याला आठवलं, की शेजारच्या ओटिलियानेही त्याच ठशाचा कागद नेलाय आणि तिचे दिवस भरलेत. तो नवा ठसा कोरायला बसला.

"अहो, दोन घास खा आधी."

"हिची तरी जखम उजवीकडे येऊ दे. मग बघू."

पहिला कागद ओला होता, तोच ओटिलियाची सासू हसत आत आली. "योबस्टभाऊ, जुळे झाले! दोन्ही मुलगे, आणि आई ठणठणीत!"

"कागद? कागद बांधला होता?"

"म्हणजे काय! तुमच्याच हातचा. ही सगळी त्याचीच कृपा." तिने कमरेतून घडी काढून उलगडली. जखम डावीकडेच होती. "असे काय बघताय भुतासारखे? बारशाला या दोघं."

ती गेली. योबस्टने ओल्या कागदावरच्या उजवीकडच्या जखमेवर बोट ठेवलं.

"म्हणजे माझ्या चुकीने नाही गेली ती," तो म्हणाला.

"नाही."

"मग कशाने गेली गं?"

मी आजवर त्याचीच चूक धरून बसले होते. मनात रोज त्यालाच बोल लावत होते, आणि त्यावरच माझे दिवस निघत होते. आता तेही गेलं. माझ्या हातातला कुंचला सुटला आणि मला रडू फुटलं.