कुठवर कापायचं

तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या खोलीत, ती बावीस वर्षं लोकांचे कपडे त्यांच्या अंगाला बसवून देत होती. कोटाच्या बाह्या आखूड करायच्या, पँटची कंबर आत घ्यायची, फ्रॉकची घट्ट झालेली बाजू उसवून पुन्हा जोडायची. दुकानात सगळे तिला मापबाई म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप न लावताच ती कंबर सांगायची आणि अर्ध्या इंचाच्या आत बरोबर निघायची. स्वतःची कंबर मात्र तिने कधी मोजली नव्हती. ती भरपूर जाड होती, नवराही तसाच. तो चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा. "आपण दोघं शिरलो की लिफ्टसुद्धा आधी विचार करते आणि मग हलते," असं तो शेजाऱ्यांदेखत म्हणायचा. तिला राग यायचा, पण हसूही यायचं.

डॉक्टरांनी दोघांनाही वजन उतरवायला सांगितलं तेव्हा त्यांनी रोज सकाळी चालायचं ठरवलं. तिसऱ्याच आठवड्यात, चालून आल्यावर बूट काढता काढता, त्याच्या छातीत कळ आली. हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि सहाव्या दिवशी तो गेला.

त्यानंतर ती चालत राहिली. वजनाचा विचार तिच्या डोक्यात नव्हताच. चालणं थांबवलं की घरी जावं लागे, आणि घरी कोणी नव्हतं. जेवण एकटीचं, तेही निम्मं टाकून दिलेलं. अडीच वर्षांत तिचं बावन्न किलो वजन उतरलं. दुकानातल्या मुली म्हणायच्या, "मापबाई, काय छान बारीक झालात. आम्हालाही सांगा ना काय केलंत ते." ती नुसती मान हलवायची. काय सांगणार होती?

वजन गेलं, पण कातडी राहिली. पोटाची मोठी घडी मांड्यांवर येऊन पडायची. मशीनवर बसलं की टेबलाच्या कडेला चेपायची. घडीखाली घाम साचून पुरळ यायचं, कधी कधी चिघळायचं. ती पावडर लावून मऊ सुती कापडाची घडी आत घालून कामाला यायची, आणि तरी आपल्याला वास येत असेल म्हणून गिऱ्हाइकाजवळ वाकताना श्वास धरायची. पाठही दुखायला लागली. त्वचेच्या डॉक्टरांनी चार वेळा मलम दिलं आणि पाचव्या वेळी सर्जनकडे चिठ्ठी दिली.

बरोबर नणंद आली. नणंद रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. लग्न केलेलं नव्हतं, दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. घरात कोणालाही काही दुखलंखुपलं की आधी तिला विचारायची सगळ्यांना सवय होती. भाऊ गेल्यापासून मात्र ती फारशी येत नसे. आली तरी चहा पिऊन, घड्याळात बघून उठायची.

सर्जन बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मापबाईला उभं केलं, बसवलं, आडवं केलं. पोटाची घडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. झोपल्या झोपल्या डोकं वर उचलायला लावलं आणि पोटाच्या मधोमध बोटं दाबली.

"इथले स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत," त्या म्हणाल्या. "पाठदुखीत याचाही हात असू शकतो."

मग खुर्चीत बसून त्यांनी कागदावर एक पोट काढलं.

"बेंबीखालची थोडीशीच कातडी काढायची एक छोटी शस्त्रक्रिया असते. ती तुमच्या कामाची नाही, ती सोडून देऊ. तुमच्यासाठी तीन वाटा आहेत. पहिली, फक्त लोंबणारी घडी काढायची. कमी वेळ लागतो, पुरळ थांबतं. पण स्नायू तसेच राहतात आणि वरचं पोट सैलच राहतं. दुसरी, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत आडवा छेद. घडीही काढायची, स्नायूही शिवायचे, बेंबी नव्या जागी बसवायची. तीन-साडेतीन तास. तिसऱ्या प्रकारात हे सगळं, आणि शिवाय मधोमध वरपासून खालपर्यंत उभा छेद. घेर सगळ्यात छान कमी होतो त्यात. पण व्रण समोर दिसतो, भूल जास्त वेळ, आणि दोन छेद मिळतात तिथली जखम भरायला कधी कधी त्रास देते."

मापबाईने कागद आपल्याकडे फिरवून घेतला.

"आडवं कापलं तर लांबी जाते, रुंदी नाही," ती म्हणाली. "रुंदी काढायची तर उभी शिवण हवीच."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "तुम्ही माझी दहा मिनिटं वाचवलीत."

मापबाईलाही बरं वाटलं. आणि मग, इतक्या वर्षांच्या सवयीने, तिने नणंदेकडे वळून विचारलं, "ताई, तुम्हाला यातलं कळतं. तुम्हीच सांगा ना, कुठली करू?"

नणंद उठली. "मी जरा बाहेर जाऊन येते," एवढंच म्हणाली आणि दार लावून गेली.

मापबाईला ती जिन्यात सापडली. पायरीवर बसली होती, पर्स पोटाशी धरून.

"वहिनी, मला हे विचारू नकोस," ती म्हणाली. "दुसरं काहीही विचार."

मापबाईला तेव्हा आठवलं. आठवलं म्हणजे, विसरली कधी नव्हतीच, पण आपण नेमके तेच शब्द वापरले हे आत्ता ध्यानात आलं. नवऱ्याच्या वेळीही डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. स्टेंट घालायचा किंवा बायपास करायची. ते बोलत होते आणि हिच्या कानात नुसता आवाज घुमत होता. ती बाकावर बसून राहिली होती आणि धावत आलेल्या नणंदेला म्हणाली होती, "ताई, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही ठरवा." नणंदेने बायपास ठरवली. सही तिनेच केली.

"ते म्हणाले, बायपास जास्त वर्षं टिकेल," नणंद जिन्यात बसून सांगत होती. "मी वर्षांचा हिशेब केला, वहिनी. दादाला वीस वर्षं तरी मिळावीत म्हणून. स्टेंट घातला असता तर कदाचित तिसऱ्या दिवशी घरी आला असता. मी लॅबमध्ये सुई टोचते, मला काय कळत होतं त्यातलं? पण सगळे माझ्याकडेच बघत होते." ती थांबली. "तू मला कधी काही बोलली नाहीस. ते जास्त लागलं."

मी तुम्हाला कधी दोष दिला नाही, असं म्हणणं सोपं होतं. मापबाईच्या ओठांवरही आलं. पण ते खरं नव्हतं.

"दिला होता दोष," ती म्हणाली. "पहिलं वर्षभर, रोज चालताना. मनातल्या मनात भांडत असायचे तुमच्याशी."

नणंदेने मान खाली घातली.

"पण ताई, ते ओझं तुमच्या गळ्यात मी घातलं. बायको मी होते. मी ऐकून घ्यायला हवं होतं, निदान शेजारी उभं राहायला हवं होतं. तुम्हाला एकटीला पुढे केलं आणि मग तुम्हालाच बोल लावला."

कोणीतरी जिन्यावरून वर जायला आलं, तशा दोघी भिंतीकडे सरकल्या. तो माणूस गेल्यावर मापबाईने नणंदेला हात देऊन उठवलं.

डॉक्टरांचा कागद मापबाईने आठवडाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. एक दिवस दुकान उघडायच्या आधी ती कपडे घालून बघायच्या खोलीत शिरली, दार लावलं आणि आरशासमोर स्वतःची मापं घेतली. घडी वर धरून, घडी सोडून, बाजूची कातडी चिमटीत धरून. उभ्या छेदाने कंबर कुठे येईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. चांगली आली असती. आणि मग, ही कंबर आता कोणाला दाखवायची आहे, असं मनात आलं आणि ती तिथेच स्टुलावर बसून रडली. नवऱ्याने तिला कधी बारीक बघितलंच नव्हतं. जी होती ती त्याला पुरत होती. त्या जाड बाईचं उरलंसुरलं जे काही अंगावर होतं, तेच आता काढून टाकायचं होतं.

पुढच्या भेटीत तिने डॉक्टरांना सांगितलं, "दुसरी. आडवा छेद. मला मशीनवर नीट बसता आलं पाहिजे, पुरळ गेलं पाहिजे, पाठ थोडी तरी हलकी झाली पाहिजे. घेर राहिला तर राहू दे."

"बाजूला कातडी थोडी सैल राहील. नंतर वाईट वाटणार नाही ना?"

"वाटलं तर माझं मला वाटेल," मापबाई म्हणाली.

संमतीच्या कागदावर खाली नातेवाइकाच्या सहीची जागा होती. नर्सने पेन नणंदेपुढे केलं. नणंदेचा हात पुढे येईना. मापबाईने कागद ओढून घेतला, आपल्या सहीच्या वर, आपल्या अक्षरात लिहिलं, 'निवड माझी आहे,' आणि कागद परत दिला. नर्स म्हणाली की याची काही गरज नसते. नणंदेने ते दोनदा वाचलं आणि सही केली.

शस्त्रक्रिया सव्वातीन तास चालली. नणंद तेवढा सगळा वेळ बाहेर उभी होती, बाक रिकामा असूनही. मापबाई शुद्धीवर आली तेव्हा तिला आधी नणंदेचा चेहरा दिसला, इतका उतरलेला, की तिला वाटलं आपलंच काहीतरी बिघडलं. काही बिघडलं नव्हतं. साडेचार किलो काढलं होतं.

नणंद तिच्याकडे राहायला आली. पोटातून दोन बारीक नळ्या बाहेर आल्या होत्या, त्यांच्या बाटल्यांत लालसर पाणी साचायचं. सकाळ-संध्याकाळ नणंद ते मोजून वहीत लिहायची. मापबाईला सरळ उभं राहता येत नसे. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून कमरेत वाकून, भिंत धरून चालायची. बेंबीखाली हात लावला तर काहीच कळत नसे. दुसऱ्या कोणाच्या अंगाला हात लावल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात मधला एक टाका उसवला आणि तेवढी जखम भरायला महिना गेला.

अशाच एका सकाळी, नणंद पट्टी बदलत असताना, मापबाईने विचारलं, "त्याला बायपाससाठी आत नेण्याआधी तुम्ही जवळ होतात. काय म्हणाला होता?"

नणंदेने चिकटपट्टीचं टोक बोटावर धरून ठेवलं. "मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, बायपास करून घे. तो म्हणाला, बरं."

"बस?"

"बस. एवढंच."

"घाबरला होता?"

"हो. माझा हात सोडत नव्हता."

"मला म्हणाला होता, अजिबात भीती वाटत नाही. म्हणाला, तेवढीच झोप होईल."

"तुला तसंच सांगणार तो," नणंद म्हणाली आणि पट्टी नीट दाबून बसवली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने दंडाला पुसलं, कारण हात स्वच्छ ठेवायचे होते.

दोन महिन्यांनी मापबाई कामावर गेली. मशीनपुढे बसली तर टेबलाच्या कडेला काही चेपलं नाही. पुरळ गेलं होतं. पाठ दुखायची, पण पूर्वीइतकी नाही. दुकानातल्या मुलींनी तिला गोल फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता खूश ना?"

"बसता येतं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात नणंद आपल्या घरी परत गेली. जाताना बॅग भरायला तिने अख्खी दुपार लावली, आणि मापबाईनेही तिला घाई केली नाही.