चिठ्ठीवरचे हात

आमच्या मालकाच्या प्रत्येक बाटिकला एक चिठ्ठी बांधलेली असते आणि त्या चिठ्ठीवर मी असते. वागियेम, वय छप्पन्न, हात कोपरापर्यंत फेसात, दात काढून हसतेय. खाली छापलंय, 'रिठ्याच्या पाण्यात हातानं धुतलेलं. अंगाला सोसणारं, नदीला न बाधणारं.' फोटो काढला तेव्हा ते खरं होतं. थोरल्या मालकीणबाई तेव्हा होत्या.

त्या गेल्या आणि त्यांचा मुलगा गादीवर बसला. त्याला रिठ्यांचा सोस नव्हता. रिठे फोडा, बिया काढा, रात्रभर भिजवा, गाळा, मग तीनतीनदा कापड धुवा. "मावशी, तेवढ्यात माणूस चंद्रावर जाऊन येतो," म्हणाला. मग पोती आली. निळी पावडर, पोत्यावर ना नाव ना गाव. मूठभर टाकली की एका धुण्यात मेण, खळ, सगळं साफ. बायकांच्या हातांची सालंही साफ. त्याची चिठ्ठी मात्र कुणी छापली नाही.

मला त्यानं पावडरीपासून लांब ठेवलं. फोटोतले हात बिघडले तर पाहुण्यांना दाखवायचं काय? मी सावलीत बसून घड्या घालायची आणि चिठ्ठ्या बांधायची. हौदावर माझ्या जागी कोण बसली, तर माझीच लेक, लास्त्री. आठ महिने मी स्वतःचं हसणारं तोंड सुतळीनं बांधत राहिले आणि गप्प बसले. ते मला आजही खातं.

लास्त्री एकोणीस वर्षांची. तिला हौदावर जन्म काढायचा नव्हता. तिला मेणाची लेखणी धरायची होती, कापडावर मेणानं नक्षी काढणाऱ्या सुमिराह आजींच्या शेजारी बसून. आजी कुणालाही शेजारी बसवत नाहीत. त्यांची एकच परीक्षा असते. मेण तापलं की नाही हे त्या कढईत बघत नाहीत, थेंब बोटाच्या पेरावर घेतात आणि बोट काय ते सांगतं.

त्या मंगळवारी त्यांनी लास्त्रीच्या बोटावर थेंब टाकला. मी घड्यांचा गठ्ठा घेऊन दारातच उभी होते.

"कसं आहे?"

"ठीक आहे, आजी."

त्या थेंबाची वाफ मला दारातून दिसत होती. आजींनी तो पुसला, तिचा हात उलटा केला, सुलटा केला. पेरं खरवडल्यासारखी जाड झालेली, सांध्यांत भेगा, भेगांत निळं. "पोरी, तुझं बोट बधिर झालंय," त्या म्हणाल्या. "चटका बसायला लागला की ये. जागा ठेवते."

लास्त्री रडली नाही. संध्याकाळी जेवताना तिनं चमचा मागितला, मिरचीचा ठेचा भेगांत झोंबतो म्हणून. आमच्या घरात कुणी चमच्यानं भात खाल्लेला मी कधी पाहिला नव्हता.

सकाळी उठून सरळ मालकाकडे गेले. तो गोड चहा पीत बसला होता.

"मालक, रिठे परत आणा. पोरींचे हात जळालेत."

"हातमोजे दिलेत ना?"

"सात जणींत एक जोडी दिलीत. त्यातला डावा फाटलाय."

"रिठेसुद्धा आणलेत की, दोन किलो," तो हसला. "उद्या जाकार्ताहून गिऱ्हाइकांची बस येतेय. तुम्ही पुढच्या अंगणात धुवून दाखवा. नवी कबाया घाला, ती हिरवी."

"आणि बस गेल्यावर?"

"बस गेली की गेली. मावशी, पोटावर पाय आणू नका स्वतःच्या. उद्या तोंड उघडलंत तर मायलेकी दोघी घरी बसाल."

दुसऱ्या दिवशी बस आली. पुढच्या अंगणात मातीचं घंगाळ मांडलेलं, त्यात रिठ्याचा फेस, फेसावर मोगऱ्याची फुलं. फुलं ही मालकाच्या डोक्यातली. कापड धुताना कोण फुलं टाकतं, मला तर हसूच आलं. मागच्या भिंतीपलीकडे हौदांवर त्या सात जणी बसल्या होत्या आणि भिंतीचं दार लावून घेतलेलं होतं.

पाहुण्यांत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी आल्या आल्या एक तपकिरी कापड खांद्यावर टाकलं होतं. चिठ्ठी बघायच्या, मला बघायच्या. मग जवळ आल्या, माझा ओला हात हातात घेतला.

"या तुम्हीच ना? इतकी वर्षं धुताय आणि हात किती मऊ आहेत तुमचे."

मालक मागे उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान ओसंडत होतं. माझं डोकं तिथंच फिरलं.

"मऊ राहणारच बाई," मी म्हटलं. "आठ महिन्यांत मी एक कापड धुतलेलं नाही."

"मावशी थट्टा करतात," मालक म्हणाला.

"लास्त्री," मी भिंतीकडे तोंड करून हाक मारली. "दार उघड आणि इकडे ये."

ती आली. हात पाठीमागे धरलेले. माणसं बघून लाजली बिचारी.

"दाखव. लाज तुला कशाला?"

तिनं हात पुढे केले.

"बाई, तुमच्या खांद्यावरचं कापड या हातांनी धुतलंय," मी म्हटलं. "फोटो काढायचा तर यांचा काढा. आणि ते पाणी मागच्या नाल्यानं नदीत जातं. वळणावरचा फेस बघून या, शेजारणीची बदकंसुद्धा त्यात उतरत नाहीत."

बाईंनी फोटो काढला नाही. त्यांनी कापड घडी करून ठेवलं, चिठ्ठी सोडली आणि मालकाच्या सदऱ्याच्या खिशात घातली. कुणी काही घेतलं नाही, बस रिकाम्या हातानं गेली.

मालकाच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "उद्यापासून तुम्ही दोघी येऊ नका. चिठ्ठीवर दुसरा फोटो लावतो मी."

"लावा की," मी म्हटलं. "लास्त्रीच्या हातांचा लावा."

त्यानं खिशातली चिठ्ठी चुरगाळली आणि आत गेला.

येऊ नका म्हटल्यावर घरी बसणारी मी नव्हे. सकाळी आम्ही दोघी वेळेवर हजर. बाकीच्या सहा जणी दारातच वाट बघत होत्या. पावडरीची पाच पोती उरली होती. त्यांच्यातली पर्याती म्हणाली, नदीत ओतून टाकू. "नदीनं तुझं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं. पोती उचलली आणि मालकाच्या ओसरीवर, त्याच्या वेताच्या खुर्चीला टेकून, ओळीनं रचली. ज्यानं आणली त्यानं सांभाळावी. मग हौदांच्या काठावर मांडीवर हात ठेवून बसलो.

आत अडतीस कापडं धुवायची पडली होती आणि शनिवारी ती बंदरावर पोचायची होती. तो तीनदा येऊन बघून गेला. एकदा ओरडला, एकदा नुसता खाकरला. दुपारी चौथ्यांदा आला.

"रिठे भिजायला किती वेळ लागतो?"

"रात्रभर. तुम्हाला ठाऊक आहे. आईच्या मांडीवर बसून बघितलंय तुम्ही."

"शनिवार चुकेल."

"चुकेल."

त्यानं बाजारात गाडी पाठवली. आम्हाला घरी बसवायचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हौदावरची माझी जागा घेतली आणि लास्त्रीला घड्यांवर पाठवलं. चिठ्ठीवरचं आता पुन्हा खरं आहे, ती बांधताना तिला मान खाली घालावी लागत नाही. नदी काही लगेच स्वच्छ झाली नाही, वरच्या अंगाला अजून पाच कारखाने तीच पावडर सोडतात. पण आमच्या नाल्यातून फेस जायचा थांबलाय आणि त्या पाच जणांकडेही मी एकदा जाणार आहे.

रोज रात्री मी लास्त्रीच्या बोटांना खोबरेल चोळायची. दर सोमवारी ती आजींपुढे हात धरायची. थेंब पडायचा आणि ती खरं सांगायची, काही कळत नाही आजी. सात सोमवार असेच गेले. आठव्या सोमवारी मी फेसात हात घालून बसले होते आणि आतून किंकाळी आली. तशीच ओल्या हातांनी धावले.

लास्त्री बोट तोंडात घालून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती.

"भाजलं आई," ती म्हणाली. "चांगलंच भाजलं."

सुमिराह आजींनी वर बघितलंसुद्धा नाही. शेजारचं पाटासारखं बुटकं स्टूल पायानं पुढे सरकवलं आणि लेखणी तिच्यापुढे धरली.

"मग बस," म्हणाल्या. "मेण थंड होतंय."