लिफ्टमधलं स्टूल

आडवी गल्ली पाडली आणि उभी करून ठेवली. प्रत्येकाला घर मिळालं, घराला दार मिळालं, दाराला बाहेर बघायचं भिंग मिळालं. भिंगातून दिसणारं माणूस तेवढं कुणाच्या वाट्याला आलं नाही.

काजं-बटणं करणाऱ्या आत्यांचा जन्म गल्लीतल्या उंबऱ्यावर गेलेला. सुई खाली गेली की टाका, वर आली की कुणाची तरी चौकशी. बाराव्या मजल्यावर त्या दार सताड उघडं टाकून बसल्या. वारा आला, ऊन आलं, माणूस काही येईना. एका दुपारी त्यांनी स्टूल उचललं आणि सरळ लिफ्टमध्ये मांडलं.

"आत्या, कितवा मजला?"

"तुझा कितवा? तिथवर येते. सूनबाई बोलायला लागली का तुझ्याशी?"

बघता बघता सगळी गल्ली लिफ्टमध्ये नांदायला लागली. तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण तळमजल्यावर जायला बाराव्या मजल्यावरून वळसा घेऊ लागली.

गल्लीतला इस्त्रीवाला आता सोसायटीचा सेक्रेटरी. स्वतःलाच कडक इस्त्री करून तो आला.

"आत्या, लिफ्ट जायला-यायला असते. हे स्टूल आज जप्त."

"कर की बाबा. मी बसलेय त्यावर, आधी मला उचल."

तो उचलणार कसा? तो शेजारी उभा राहिला, दार मिटलं. मजल्यामजल्यावर माणसं चढत गेली. नवव्या मजल्यावर लिफ्ट पीं पीं ओरडू लागली.

"वजन जास्त झालंय," सेक्रेटरी म्हणाला. "कुणीतरी उतरा."

कुणी हललं नाही. आत्यांनी दातांनी दोरा तोडला. "ज्याला इथं बसणं पटत नाही, त्यानं उतरावं."

सेक्रेटरी उतरला. समोर पांढरा, लख्ख बोळ. दाराबाहेर चप्पल नाही, कुंडी नाही, पाटी नाही, नियम त्याचाच. कुठलं दार कुणाचं, कळेना. त्यानं सगळ्या बेला वाजवल्या. एकही दार उघडलं नाही. उघडणार कोण? सगळे लिफ्टमध्ये. मग जिना उतरला बिचारा, एकटाच.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं लिफ्टमध्ये कॅमेरा बसवला. स्टूलवर करडी नजर ठेवायची म्हणून. आता दुपारभर ऑफिसात पडद्याला नाक लावून बसतो. जप्तीचं नाव काढत नाही. कॅमेरेवाल्याला मात्र रोज फोन:

"अहो, माणसं नुसती हसताना दिसतायत. आवाज कधी येणार?"