शेजारी : चार नावे

कृष्णकांतने चौदा नंबरच्या घरावर पट्टीचं टोक धरलं आणि लाल पेन्सिलीने तेरा नंबरपर्यंत बाण ओढला. बाण जेमतेम नखाएवढा झाला. नकाशावर त्या दोन घरांमध्ये एकच रेघ होती, आणि प्रत्यक्षातही त्यांच्यामध्ये एकच भिंत होती.

"पुढचा घ्या," तो म्हणाला.

समोर बसलेल्या दत्तोपंतांनी तेरा नंबरचा फॉर्म उचलला. दत्तोपंत नागपूरला अर्थशास्त्र शिकवत. गेल्या दिवाळीपासून ते दर रविवारी सकाळच्या गाडीने वर्ध्याला येत आणि शाळेच्या या रिकाम्या वर्गात टेबलावर शहराचा नकाशा पसरून बसत. वर्धा, आर्वी, हिंगणघाट या तिन्ही गावांत कोणत्या जातीची माणसं एकमेकांपासून किती लांब राहतात, हे त्यांना मोजायचं होतं. आधी त्यांनी साखळी लावून अंतरं मोजली होती. पण गावात घराला घर चिकटलेलं असतं, साखळीच्या हिशेबाने सगळेच एकमेकांच्या मांडीवर बसलेले निघाले. मग त्यांनी साखळी ठेवून दिली आणि एक प्रश्न छापून घेतला. शेजारी : चार नावे. घरच्या माणसाने ज्याचं नाव घेतलं, त्याच्या घराकडे नकाशात बाण काढायचा. त्याने उलट याचं नाव घेतलं तर बाणाला दुसरं टोक द्यायचं.

"दोन्ही टोकं असली तरच मी त्याला शेजार म्हणतो," दत्तोपंत सांगत. "नाहीतर ते नुसतं अंतर."

नगरपालिकेत कारकून असलेल्या कृष्णकांत पिंपळखुटेला हे फार पटलं होतं. तो हौसेने या कामात पडला होता. गल्लोगल्ली फिरून त्याने फॉर्म भरून आणले होते आणि आता तोच बाण काढत होता. पूर्वीचा महारवाडा आणि बाकीचं गाव यांच्यामध्ये आजवर एकही दुहेरी बाण निघाला नव्हता. पण स्टेशनपलीकडच्या नव्या वसाहतीचे फॉर्म आज प्रथमच नकाशावर चढत होते, आणि त्या वसाहतीत कृष्णकांत स्वतः राहत होता. त्याच्या भिंतीला भिंत लावून चौदा नंबरात श्रावण मेश्राम गुरुजी राहत होते. 'एक तरी दुहेरी निघेल, तो आमच्या गल्लीतच,' असं त्याने दत्तोपंतांना तीन-चारदा तरी ऐकवलं होतं.

गुरुजींचा फॉर्म गुरुजींनीच भरला होता. अक्षर कित्त्यासारखं. जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलेलं. यंदाच्या दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा झाल्यापासून असे फॉर्म बरेच येत होते. शेजाऱ्यांच्या रकान्यात पहिलं नाव होतं, श्री. कृष्णकांतराव पिंपळखुटे.

"तेरा नंबर," दत्तोपंतांनी वाचायला घेतलं. "हिरालालजी."

कृष्णकांतने बाण काढला.

"भैय्याजी. मधुकरराव. कुंताबाई."

आणखी तीन बाण झाले. कृष्णकांत पेन्सिल उचलून थांबला.

"पुढे?"

"पुढे काय? चारच असतात." दत्तोपंतांनी फॉर्मच्या माथ्यावरचं नाव पाहिलं आणि चष्मा काढला. "अहो, हा तुमचाच आहे."

कृष्णकांतने फॉर्म हातात घेतला. अक्षर त्याचंच होतं. त्याच्या वेलांट्या नेहमी ओळीबाहेर जात, तशा इथेही गेल्या होत्या. हिरालालचं घर सतरा नंबर. तिथे जायला गुरुजींच्या फाटकावरूनच जावं लागे.

"घाईत राहून गेलं असेल," दत्तोपंत हळूच म्हणाले. त्यांनाही तो बाण हवा होता. "चौथं नाव खोडा आणि गुरुजींचं घाला. तुमचाच फॉर्म आहे, तुम्ही दुरुस्त करू शकता."

कृष्णकांतने पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"घरी विचारून येतो," तो म्हणाला. तेरा आणि चौदाचे फॉर्म एकाच टाचणीत होते. ते तसेच त्याने पिशवीत घातले.

घरी कमला ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. त्याने चपला काढल्या, पण तो आत गेला नाही.

"शेजाऱ्यायची नावं मी तुले इचारली होती. तू हिरालालचं नाव पह्यले काऊन घेतलं?"

"त्यायच्याकडे आपलं जाणंयेणं आहे म्हणून."

"अन् गुरुजी?"

"गुरुजी का?" तिला खरोखरच कळलं नव्हतं. "थे गुरुजी आहेत नं. तुमी शेजारी इचारले."

त्याने चौदा नंबरच्या भिंतीकडे पाहिलं. तेव्हा कुठे तिचा हात शेंगेवर थांबला.

"आता माह्यावर डोळे नका काढू," ती म्हणाली. "मी त्यायले कधी वावगं बोलली काय? आपल्या मीराले थे गणित शिकवतात, मी चारचौघीत त्यायचं नाव काढते. मी मुद्दाम नाई सोडलं. मले सुचलंच नाई. अन् तुमाले तरी कुठं सुचलं? लिहून तर तुमीच राह्यले होते."

हे त्याला झोंबलं. तिने चार नावं सांगितली आणि त्याने ती लिहिली, आणि पाचव्या माणसाची आठवण भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येत असतानाही त्याला झाली नव्हती. दोन वर्षांमागे चौदा नंबरचे मालक मधुकरराव त्याला विचारायला आले होते. मेश्राम म्हणून एक मास्तर घर मागतो आहे, तुमचं काय म्हणणं? तेव्हा तो बाणेदारपणे म्हणाला होता, माझी काही हरकत नाही. हे वाक्य त्याने नंतर कचेरीत सांगितलं, सासरी कारंज्याला सांगितलं, दत्तोपंतांना तर दोनदा सांगितलं. दोन वर्षं त्या एका वाक्यावर तो स्वतःवर खूश होता. हरकत नाही म्हणणं म्हणजे शेजार नव्हे, हे आता ओसरीवर उभं राहिल्यावर त्याला दिसलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

वडनेरला गावी जाताना गुरुजी घराची किल्ली त्याच्याकडे ठेवून जात. तो कारंज्याला गेला की त्याची किल्ली हिरालालकडे असे. हेही त्याला आताच आठवलं.

तो परत चपला घालून निघाला.

गुरुजींच्या फाटकापाशी तो अडला. कडी वर होत नव्हती, बाजूलाही सरकत नव्हती. रोज सकाळी तो गुरुजींशी बोले, वर्तमानपत्राची अदलाबदल होई, पण ती सगळी दोन अंगणांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून. या फाटकाला त्याने कधी हात लावला नव्हता.

"उचला अन् आत ढकला, भाऊजी," अंगणातून जयवंताबाई म्हणाल्या. गुरुजींच्या पत्नी त्या. नवऱ्याला हाक मारून त्यांनी लगबगीने खुर्ची आणली आणि पदराने पुसली.

गुरुजी सायकल उलटी ठेवून चेन बसवत होते. हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

"या कृष्णकांतराव! आज इकडून कसे?"

"चहा मांडते," जयवंताबाई म्हणाल्या.

कृष्णकांत बसला नाही. बसलो तर बोलणं व्हायचं नाही, असं त्याला वाटलं.

"गुरुजी, एक चूक झाली. तुमच्याजवळ बोलाले आलो." आणि त्याने सगळं सांगितलं. बाण कसा काढतात, दुहेरी बाण म्हणजे काय, गुरुजींनी त्याचं नाव पहिलं लिहिलं आणि त्याच्या फॉर्मात मात्र गुरुजींचं नाव राहून गेलं. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आपण 'राहून गेलं' हे तीनदा म्हणालो.

गुरुजी ऐकत होते. चेनची एक कडी दातावरून निसटली, ती त्यांनी पुन्हा बसवली. जयवंताबाई दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"तुमचा फॉर्म भरला कोणी?"

"मीच. घरची सांगत गेली, मी लिहीत गेलो."

"दोघंही होते म्हणता." गुरुजींनी पेडल एकदा फिरवून पाहिलं. "मंग चूक कशी?"

"दुरुस्त करतो नं. प्राध्यापकसाहेबायनं परवानगी देली. तुमच्यासमोर करावं म्हणून आलो." त्याने पिशवीतून फॉर्म काढले, पेन काढलं. तो घाईने बोलत होता. "आमाले आनंदच आहे. तुमी शेजारीच आहा आमचे, हे का लिहून सांगा लागते?"

"लिहूनच तर सांगा लागत होतं," गुरुजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "प्राध्यापकसाहेब काय मोजून राह्यले, मले सांगा बरं. कोण कोणाच्या मनात आहे, थेच नं?"

"हो जी."

"मंग तुमचा फॉर्म बरोबर आहे. उत्तर पाहून मागून मांडणी बदलवली, तर मी वर्गात पोराले शून्य देतो. राहू द्या थे चार नावं."

कृष्णकांतला बरं वाटलं. क्षणभर वाटलं, म्हणजे गुरुजींनी मनावर घेतलं नाही, उद्या सकाळी भिंतीवरून पुन्हा वर्तमानपत्र येईल. तो खुर्चीत टेकला.

"मी आतून चहा..." जयवंताबाई वळल्या.

"नोको," गुरुजी म्हणाले. "थे कामानं आले आहेत."

त्या आत गेल्या. कृष्णकांत खुर्चीतून परत उठला.

"माहा फॉर्म आहे काय तुमच्याजवळ?"

"आहे."

"पाहू द्या."

त्यांचे हात तेलाचे होते, म्हणून कृष्णकांतने फॉर्म त्यांच्यासमोर धरला. गुरुजींनी तो सगळा वाचला, आपलंच अक्षर असूनही, वरपासून खालपर्यंत.

"चूक याच्यात आहे," ते म्हणाले. "मले वाटलं, घराले लागून कोण आहे थे इचारलं. भिंत एकच आहे, म्हणून पह्यलं नाव तुमचं लिवलं. खरं सांगतो, लिवताना बरंही वाटलं होतं. पण प्रश्न मले समजला नव्हता."

"गुरुजी, असं नका करू."

"दुरुस्त करता येते म्हणाले नं तुमी?"

"येते, पण..."

"मंग करा. माहे हात असे आहेत."

अंगणात हात धुवायला पाण्याची बादली होती. दोघांनीही ती पाहिली. गुरुजी जागचे हलले नाहीत. कृष्णकांतला म्हणावंसं वाटलं की मी आजपासून येईन, कमलालाही आणीन, मला एकदा चुकू द्या. पण ते शब्द कसे लागतील हे त्याला कळत होतं, आणि असे शब्द गुरुजींनी आधी पुष्कळ ऐकले असणार हेही त्याला कळत होतं.

त्याने फॉर्म दोन अंगणांमधल्या भिंतीवर ठेवला. पेनची शाई आधी उतरेना, म्हणून पेन झटकावं लागलं. मग त्याने आपल्या नावावरून एक बारीक रेघ ओढली आणि समासात सही केली.

"त्या जागी कोणाचं लिहू?"

"कोणाचंच नोको."

गुरुजी जवळ येऊन, काळे हात अंगापासून दूर धरून, मुलाची वही तपासावी तसे फॉर्मवर वाकले.

"वाचता येते अजून," ते म्हणाले. "नीट खोडा, जी."