नाव घेतल्याशिवाय आत नाही

थंडी पडली की सुलूला पुणं चढतं, असं तिचे यजमान दीनानाथ म्हणायचे. भांग चढावी तसं. भोरला नदीवरून बोचरा वारा सुटला, ट्रंकेतल्या शाली उन्हात पडल्या, की ही बाई वर्तमानपत्र आणि कात्री घेऊन ओट्यावर बसायची. कुठं चित्रांचं प्रदर्शन, कुठं गाणं, कुठं नाटक, कुठं नुसतीच फुलं मांडलेली. कापलेले तुकडे फ्रिजवर चिकटवायची आणि दीनानाथांना दूध काढायला गेलं तरी सतार दिसायची.

खोड लहानपणचीच. तिचे वडील तिला घोंगडीत गुंडाळून एस.टी.त घालून पुण्याला गाण्याच्या बैठकीला न्यायचे. पहिल्याच तानेला ती झोपायची ती थेट भैरवीला उठायची. तरी दुसऱ्या दिवशी शाळेत ऐटीत सांगायची, "मी रात्रभर गाणं ऐकलं."

यंदा तिला एक जाहिरात दिसली. जात्यावरच्या ओव्या, रंगमंचावर, रविवारी सकाळी, प्रवेश सर्वांना खुला. सुलूच्या डोळ्यांसमोर एकदम रतन उभी राहिली.

रतनबाई रसाळ गुंजवण्याची. सुलू एकवीस वर्षांची असताना तिथल्या शाळेवर मास्तरीण म्हणून गेली, तेव्हा रतनच्या सासरच्या घरी राहिली होती. रतन नुकती लग्न होऊन आलेली. पहाटे दोघी जात्याला बसायच्या. सुलू दांड्याला नुसता हात लावायची आणि रतन दळायची. बदल्यात सुलूनं तिला सही शिकवली. पुढं सुलूची बदली झाली, लग्न झालं, धरण आलं, जातं गेलं. पण भाताची पहिली पिशवी अजून रतनकडून भोरला यायची आणि रतनच्या सुनांच्या बाळंतपणाचे लाडू भोरहून गुंजवण्याला जायचे.

सुलूनं फोन लावला. "रतन, रविवारी पुण्याला चल."

"अगं बया! कुणाला ॲडमिट केलं?"

"कुणाला नाही. मजा करायला चल."

तिकडं म्हैस रेकली, तिला रतननं दटावलं. मग रतन म्हणाली, "बाई, म्या जवा जवा पुण्याला गेले तवा दवाखान्यातच गेले. सासूचं पोट, धाकट्याचा पाय, माजे डोळे. पुणं म्हंजे मला निस्ता फिनेलचा वास येतो बगा."

तिथंच सुलूनं ठरवलं. रतनला एकदा मऊ खुर्चीत, पडद्यासमोर, पहिल्या रांगेत नाही तर निदान पाचव्या रांगेत तरी बसवायचंच. त्याशिवाय भोरला परतायचं नाही.

रविवारी उजाडता उजाडता सुलू आणि दीनानाथ भोरहून एस.टी.त बसले. दीनानाथांनी स्वेटर, त्यावर कोट, त्यावर मफलर आणि डोक्याला कानटोपी घातली होती. चेलाडी फाट्यावर रतनबाई चढली. हिरवंगार नऊवारी लुगडं, नाकात नथ, हातात कापडी पिशवी.

"नथ कशाला गं?" सुलू म्हणाली.

"दवाखान्यात काडून ठिवायला लावत्यात. आज कोन काडायला लावतंय बगू!"

कंडक्टर आला. बायकांचं तिकीट अर्धं, आणि पंचाहत्तरी उलटल्यामुळे दीनानाथांचा प्रवास मोफत. रतनबाईनं हिशेब ऐकला आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. "म्हंजे दोगी अर्ध्या आन दाजी फुकट!"

"फुकटचे कसले, रतनबाई," दीनानाथ म्हणाले. "हिच्यापायी आयुष्यभर पुरी किंमत मोजलीय."

मागच्या बाकावरची कॉलेजची पोरंसुद्धा हसली. कात्रजच्या बोगद्यात तर रतनबाईनं लहान मुलीसारखी आरोळी ठोकली आणि मग आपणच दचकली. सुलूला हसून हसून ठसका लागला. दीनानाथांनी कोटाच्या खिशातून पाण्याची बाटली काढून पुढं केली.

स्वारगेटला उतरून वेळेत पोचायला काही हरकत नव्हती. पण रतनबाईला फुटपाथवरच्या बांगड्या दिसल्या. मग दीनानाथांना चहाची टपरी दिसली. मग रिक्षावाल्याला सभागृह दिसेना. शेवटी तिघं पोचले तेव्हा पायऱ्यांवरून खाली रस्त्यापर्यंत रांग गेली होती.

सुलू टाचा उंच करून पुढं बघत होती. रांग सरकत होती, पण मुंगीच्या पावलानं. दारात टेबल मांडून शुभ्रा नावाची एक मुलगी मोबाईलवर येणाऱ्यांची नावं टिपत होती आणि गळ्यात पट्टा अडकवलेला विराज नावाचा तरुण दोन्ही हात पसरून दार अडवून उभा होता. ती दोघं एकमेकांना सारखी नावानं हाका मारत होती, म्हणून रांगेतल्या सगळ्यांना त्यांची नावं पाठ झाली होती.

"अहो, मिळेल ना जागा?" सुलूनं दीनानाथांना दहाव्यांदा विचारलं.

"नाही मिळाली तर मिसळ खाऊ."

"मिसळ भोरलाही मिळते!"

ती तिघं टेबलाशी पोचली आणि तेवढ्यात आतून कुणीतरी विराजला खूण केली. विराज शुभ्राकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "आत थोड्याच खुर्च्या राहिल्यात. नीट नावं घ्या. नाव घेतल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही!"

रतनबाईनं पसरलेल्या हातांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. दाराला झेंडूचं तोरणही होतं. तिचा चेहरा उजळला.

"अगं बया, पुन्यात बी दार अडवून नाव घ्यायला लावत्यात?"

"रतन, तसं नाही—" सुलू म्हणाली.

"व्हा बाजूला. म्या काय नवी न्हाई."

तिनं कापडी पिशवी दीनानाथांच्या हातात दिली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, खाकरली, आणि शेतातून पलीकडच्या बांधावर ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं:

"गुंजवण्याच्या खळ्यात इंद्रायणीचा घमघमाट,
मळणी टाकून धरली म्या पुन्याची वाट;
बोगद्यात झाला अंधार, येष्टीनं लावला दिवा,
दाजी म्हनले हितनं फुडं पुन्याची हवा;
सोरगेटला उतरले, गर्दी बगून हटले,
सुलूबाईच्या पदराला पोरीगत चिकटले;
दारामंदी पोरगं म्हनलं, आज्जे, घे गं नाव,
म्हशीला वैरण घालत्यात भीमराव, आन मी हिंडते गाव!"

जी काही शिट्टी आणि टाळी उठली, ती पार रस्त्यावरच्या रिक्षावाल्यापर्यंत गेली. शुभ्रा टेबलावर डोकं टेकून हसत होती. मोबाईलवर तिनं फक्त 'म्हशीला' एवढंच टिपलं होतं.

"पुन्हा! पुन्हा!" मागून कुणी ओरडलं.

"पुन्हा कशाला, आता तुमी घ्या की!" रतनबाई म्हणाली.

विराजचे पसरलेले हात आपोआप खाली आले होते. "आजी, तुम्ही जा आत. पुढचे, नाव सांगा."

"सुलोचना दीनानाथ वैद्य," सुलू घाईघाईनं म्हणाली.

"ओ मावशी, हे चालणार नाही!" मागची जाकीट घातलेली बाई ओरडली. "त्यांनी घेतलं, तुम्हीही घ्या!"

"घ्या! घ्या!" सगळी रांग म्हणायला लागली. रतनबाई तर उलटी फिरून दारातच उभी राहिली, दोन्ही हात पसरून. "आता म्या ननंद. घेतल्याबिगर आत न्हाई."

सुलूच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती नवरी होऊन भोरला आली त्या संध्याकाळी तिच्या नणंदेनं असंच दार अडवलं होतं. आईनं घोकून घेतलेला उखाणा ऐन वेळी तिच्या डोक्यातून साफ उडाला. अक्षर फुटेना. शेवटी सासरे म्हणाले, "सोडा तिला आत, थंडी आहे." त्यानंतर प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला कुणी ना कुणी तिला टोचायचंच, की मास्तरीणबाईंचा धडा कच्चा. तिनंही मग हट्ट धरला होता. नाव घ्यायचं काय त्यात, दीनानाथ, दीनानाथ, दीनानाथ, झालं. उखाणा मात्र नाही.

"रतन, अगं, जागा जातील. मी तुला खुर्चीत बसवायला आणलंय!"

"मग घ्या लौकर."

आत घंटा वाजली. विराज घड्याळाकडे बघत होता. सुलूनं कासावीस होऊन नवऱ्याकडे पाहिलं. दीनानाथ एका हातात रतनबाईची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन उभे होते. मदत करतील म्हणावं तर ते तिच्याकडे अशा उत्सुक चेहऱ्यानं बघत होते, की जणू वरातीतून आत्ताच उतरलेत. नवी कवळी चमकत होती. सुलूला खुदकन हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर तोंडातून निघूनच गेलं:

"डोक्याला कानटोपी, तोंडात नवे दात,
नवरदेवासारखे नटून उभे आमचे दीनानाथ!"

पायऱ्या दणाणल्या. दीनानाथांनी गोंधळून आधी कानटोपी काढली, मग थंडी वाजली म्हणून परत घातली. जाकीटवाली बाई त्यांचा फोटो काढत होती.

"झाला गं बाई गृहप्रवेश!" म्हणत रतनबाईनं सुलूला हाताला धरून आत ओढलं.

आणि खरोखरच मागं सलग तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. पाचवी रांग नव्हे, शेवटची, पण मऊ. रतनबाई बसली, खुर्ची खाली दबली तशी "आई गं" म्हणाली, उठली, परत बसली. लाल पडदा वर गेला. निळ्या उजेडात एक जातं मांडलेलं, भोवती रेशमी लुगड्यातल्या गायिका. सूर लागला. गोड होता, हळू होता, फार हळू होता. सुलूच्या मनात आलं, झालं, पोचलो. तिनं शाल नीट लपेटली.

बाहेर मात्र काहीतरी चाललं होतं. बंद दारापलीकडून हसण्याची एक लाट आली. थोड्या वेळानं आणखी एक, मोठी. खुर्च्या न मिळालेल्या बायका घरी गेल्याच नव्हत्या.

रतनबाई चुळबुळली. सुलूच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, आवाज लई ग्वाड हाय पोरीचा."

"आहे ना?"

"व्हय. पन अशा चालीवर पायली दळायची म्हनली तर शिमगा उजाडंल." मग जरा थांबून, "भायेर कोन नाव घेतंय?"

"घेऊ दे. आपण ओव्या ऐकायला आलोय."

"व्हय व्हय."

आणखी एक लाट आली, टाळ्यांसकट. कुणीतरी पुरुषानं बायकोचं नाव घेतलं असावं, कारण बायकांचा चीत्कार निराळाच होता. रतनबाईनं नथ सावरली. सुलूकडे पाहिलं. शाळेतली पोरं लघवीला जाऊ का म्हणून बोट वर करताना जशी बघतात, अगदी तशीच.

"रतन, काय कष्टानं आत आलोय आपण!"

"आलो की. खुर्चीत बसले, पडदा बगितला, निळा उजेड बगितला. आता चला ना, बाई. मजा समदी भायेर चाललीया."

सुलूला रागवायचं होतं. पण तिच्याच पायाचा अंगठा मघापासून चपलेत ठेका धरत होता, आणि तिला आणखी एक यमक सुचलं होतं. कुठून सुचलं, देव जाणे. दाबून ठेवलं तर शिंकेसारखं इथंच बाहेर पडलं असतं.

दोघी वाकून, लोकांच्या गुडघ्यांवरून पदर ओढत बाहेर निघाल्या. दीनानाथ हलले नाहीत. ते पुरे गाणं ऐकायच्या निर्धारानं डोळे मिटून बसले होते.

दाराशी विराज होता. "आजी, आता बाहेर गेलात तर परत आत सोडता येणार नाही हं."

"नगं सोडू, लेकरा," रतनबाई म्हणाली. "तूच चल भायेर."

पायऱ्यांवर सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं आणि सगळ्या गोल करून बसल्या होत्या. या दोघी दिसताच आरडाओरडा झाला. सुलू गोलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हसू आवरत नव्हतं.

"आत चाललंय गाणं, बाहेर भरली जत्रा,
दीनानाथरावांना झोपवून आले, मोकाट सुटली यात्रा!"

"ए, एक मिनिट!" मागून आवाज आला. दीनानाथ दारातून कानटोपी हातात धरून धावत येत होते, आणि त्यांच्यामागून शेवटच्या रांगेतले आणखी काही जण. "कोण झोपलंय? आता माझी पाळी. मला पण नाव घ्यायचंय!"

"घ्या, दाजी!" रतनबाईनं फर्मावलं, आणि त्यांच्यासाठी पायरीवर सरकून जागा केली.